डॉक्टरसाहेब, आण्णांची फाईल वाचलीत त्याबद्दल

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सादर प्रणाम. आतड्याच्या ऑपरेशननंतर आमचे वडील, आण्णा, दगावले; त्या उपचारांबद्दलच्या आमच्या तक्रारीसाठी तुम्ही त्यांची फाईल वाचून तज्ज्ञ म्हणून मत दिलंत. तुम्ही नको म्हणालात म्हणून नाव लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. कोल्हापुरात डॉक्टर मंडळी एकमेकांना ओळखून असतात. इथे एका डॉक्टरने दुसऱ्याच्या उपचाराबद्दल सहीनिशी मत देणं किती जड जातं, हे आम्ही बरीच दारं फिरून पाहिलं होतं.

तुम्ही आमचं सगळं ऐकून घेतलंत आणि स्पष्ट सांगितलंत, "पेशंट दगावला म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं नसतं. आतड्याचे टाके चांगल्या सर्जनच्या हातूनही गळतात. गळती वेळेत ओळखली का, ते बघायचं." त्या क्षणी ते झोंबलं. पण पुढे वकीलबाईही तेच म्हणाल्या: पोटात कापूस राहिला असता तर गोष्ट उघड होती, तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली म्हटलंच आहे, इथे मात्र डॉक्टरने समजावल्याशिवाय ग्राहक आयोगाला काही कळणार नाही.

कागद मिळवायची वाटही तुम्हीच दाखवलीत. तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या; 72 तासांत कागद द्यावेत असा मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम आहे. बिलं आणि डिस्चार्ज कार्डावर भागत नाही, नर्सिंग चार्ट हवाच, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

राजारामपुरीतल्या तुमच्या घरी तो चार्ट टेबलावर पसरला होता. तुम्ही पेन्सिलीने खुणा करत गेलात. संध्याकाळी नाडी 96, रात्री 118, पहाटे 136. लघवी कमी कमी होत गेलेली. पोट फुगल्याचं सिस्टरांनी दोनदा लिहिलेलं. आणि रात्रभरात डॉक्टर येऊन तपासून गेल्याची एकही ओळ नाही. भुलीबद्दलची आमची तक्रार तुम्ही काढायला लावलीत, कागदात तिला आधार नव्हता म्हणून. त्या खरेपणामुळेच तुमच्या शपथपत्राला वजन आहे.

घरात वडीलधारे म्हणत होते, वर्षश्राद्ध होऊ दे, ऊस जाऊ दे, मग बघू. तुम्ही फोन करून बजावलंत की ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार गेली पाहिजे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण द्यावं लागतं, आणि दुःख झालं होतं एवढं पुरतंच असं नाही. मत वाचून, लिहून, शपथपत्र करून द्यायला तुम्हालाही वेळ लागणार होता. तो हाताशी ठेवूनच तुम्ही आम्हाला हलवलंत. तक्रार मुदतीत दाखल झाली.

निकाल अजून लागायचा आहे. तुमचं मत मी आईला मराठीत वाचून दाखवलं. त्या रात्री आण्णांच्या पोटात काय चाललं होतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

आपला नम्र,
आण्णांचा थोरला