पाटीवर एक नाव, वाड्यात अनेक पिढ्या: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: विदर्भातील जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत नोंदणी (जुने थर, बदल आणि रहिवासी यांची नोंद) आणि चुनाकामाची तरतूद

मंत्रिमहोदय,

वर्ध्याची मगनवाडी म्हटलं की गांधीजींचं नाव येतं. मूळची ती उद्योगपती जमनालाल बजाजांची बाग आणि बंगला. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि बजाजांनी ती संघाला देऊन टाकली. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई मात्र मगनवाडीतच राहून सेगावला पायी ये-जा करत. ग्रामोद्योग संघाचं काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांचा मुक्काम तर गांधीजींपेक्षा कितीतरी लांबला. तेलघाणी आणि हातकागदाचं काम त्यांच्याच काळात इथे वाढलं. पवनारला धाम नदीकाठच्या जमनालालजींच्या बंगल्यात १९३८ मध्ये प्रकृती खालावलेले विनोबा आले. १९५९ पासून तिथे ब्रह्मविद्या मंदिर, म्हणजे विनोबांनी स्त्रियांसाठी काढलेला आश्रम आहे.

या दोन्ही ठिकाणांवर निदान लिहून झालंय. खेड्यातल्या मालगुजारी वाड्यांचं, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजारांच्या वाड्यांचं काय? नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) या भागांत १९५१ मध्ये मालगुजारी संपली, पण राहते वाडे मालकांकडेच राहिले. पुढे वाटण्या झाल्या. कुठे सोप्यात शाळा भरली, कुठे ओसरीवर पोस्ट बसलं, कुठे मागच्या खोल्यांत कापूस भरला. दर नव्या रहिवाशाने एखादं दार बुजवलं, देवळीचं (कोनाड्याचं) कपाट केलं, भिंतीला वेगळा रंग दिला. वाड्याचा खरा इतिहास इथे असतो. आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातली पहिलीच बाब असते: 'जुना गिलावा खरडून काढणे'.

खरडण्याआधी दर खोलीत तीन ठिकाणी तळहाताएवढा भाग पात्याने थराथराने उघडावा, शेजारी फूटपट्टी धरून फोटो घ्यावा, बुजवलेली दारं नकाशावर दाखवावीत. कोण कधी राहिलं ते बंदोबस्ताच्या मिसलीत (सारा ठरवतानाच्या जुन्या गावनोंदीत), फेरफार नोंदींत आणि ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत सापडतं. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. त्यामुळे त्या काळची काही कागदपत्रं हिंदी-इंग्रजीतही असू शकतात, आणि ती वाचणारा माणूस कामावर लागतो. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायला तर कसलीच निविदा लागत नाही.

आता गिलाव्याचं. विटा-मातीची जाड भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्यातून बाहेर सोडते. सिमेंट लावलं की ती वाट बंद होते. ओल आणखी वर चढते, क्षार सिमेंटमागे साचतात, विटेचा दर्शनी भाग भुगा होऊन पडतो. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. भिंतीत घुसलेली सागवानी तुळयांची टोकंही त्याच ओलीने कुजतात. कवेलू (छपराची कौलं) काढून वर १० सेंटिमीटरचा स्लॅब टाकला, तर दर चौरस मीटरला सुमारे २५० किलोचं ओझं त्याच भिंतींवर बसतं. पाया काळ्या मातीत असेल, तर पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ती जमीन बाकीचं काम करते.

चुन्याला वेळ लागतो, हे मान्य. कळीचा चुना विझवून किमान तीन आठवडे हौदात पाण्याखाली ठेवावा लागतो. मग एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग रेती, आणि नीट मळणी. थर १०-१२ मिलिमीटरहून जाड नको, आणि निदान दहा दिवस ओलं गोणपाट हवं. चुना घट्ट व्हायच्या आत सुकला तर हात फिरवल्यावर पीठ येतं. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात नेमकं हेच होतं; कामं मात्र मार्चअखेरच्या निधीमुळे तेव्हाच निघतात. मग गवंड्याच्या नावाने खडे फोडायचे आणि पुढच्या वर्षी सिमेंट थापायचं!

म्हणून मागण्या साध्या आहेत. अंदाजपत्रकात नोंदणीची बाब स्वतंत्र आणि पहिली असावी. तिचा अहवाल आल्याशिवाय खरडकामाचं देयक निघू नये. चुनाकामाला स्वतंत्र दर मिळावा. गिलाव्याचा कार्यादेश सप्टेंबरमध्ये निघावा, म्हणजे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत बसेल. कवेलू फेरण्याचा खर्च दर उन्हाळ्यात, पावसाआधी, वेगळा द्यावा. आणि पाटी लावाल तेव्हा तीवर मालगुजारासोबत शाळामास्तर, पोस्टमास्तर आणि कापूसवाल्याचंही नाव येऊ द्यावं.

आपले,
वर्धा-नागपूर भागातील जुन्या वाड्यांवर काम करणारे गवंडी, सुतार आणि स्थानिक इतिहासाचे अभ्यासक