लाईव्ह अल्बम म्हणजे शिळी भाकरी नव्हे

सप्रेम नमस्कार,
रविवारच्या पुरवणीत लाईव्ह अल्बमला 'जुन्या गाण्यांची परत विक्री' म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. फिलाडेल्फियाच्या डेड मिल्कमेन या टवाळखोर पंक रॉक बँडचा 1994 चा 'केऑस रूल्स' ऐका एकदा. ट्रोकॅडेरो थिएटरात, म्हणजे घरच्याच गावात रेकॉर्ड केलेला, आणि ते थिएटर 1870 चं, तिथे आधी बर्लेस्कचे, म्हणजे थट्टामस्करी आणि चावट नाचगाण्याचे खेळ चालायचे, त्यामुळे टवाळकी त्या भिंतींना नवी नव्हतीच. स्टुडिओत हे लोक मजेशीर वाटतात, पण समोर माणसं असली की खरी गंमत, कारण टोमणा मारला की समोरून हसू यावं लागतं ना, आपल्या बतावणीत येतं तसं! आवाज थोडा कच्चा आहे, मान्य, पण हेडफोन लावून रात्री ऐकताना गर्दीचा गलका कानाशी आला की आपणच मागे कुठेतरी घामाघूम उभे आहोत असं वाटतं. पुढच्याच वर्षी बँड फुटला. 2008 ला परत एकत्र आले खरे, पण बास गिटारवाला डेव्ह ब्लड 2004 मध्येच गेलेला. त्याचा बास या रेकॉर्डिंगवर आहे, तो परत कुठून आणणार?

– एक वाचक, पुणे