केस काळे केले, मेंदी काढली… आणि गाणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पॉपगायिकांच्या कायापालटावर आपण अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा मिळते ती बहुधा कोणाचं लग्न मोडलं की. पण पान वाचून झाल्यावर जे वाटलं ते लिहायला हवं म्हणून हे पत्र.

मी ठाण्यात पाचपाखाडीला छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. त्याआधी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवला. गडकरी रंगायतनला वाजवला आणि कोपरीच्या गणपतीत भर पावसात ताडपत्रीखालीही वाजवला. इंग्रजी गाणी मी हौसेने ऐकत आलो, पण ऐकताना लक्ष बाईच्या कपड्यांकडे कमी आणि मागे काय वाजतंय याकडे जास्त. ही धंद्याची खोड आहे.

आपल्या पानावर मॅडोनाच्या १९९८ सालच्या ‘रे ऑफ लाइट’ या अल्बमला तीन फोटो आणि चार ओळी मिळाल्या. केस काळे केले, हातावर मेंदी काढली, कपाळाला टिळा लावला, योगा सुरू केला. झाला कायापालट! गाणी कोणी बांधली, कुठे रेकॉर्ड झाली, किती वेळ लागला, याबद्दल अवाक्षर नाही. विल्यम ऑर्बिट या अल्बमच्या संगीत-निर्मात्याचं नाव पानभरात कुठेही नाही. चित्रपटाच्या परीक्षणात दिग्दर्शकाचं नावच गाळलं तर आपल्याकडे पत्रांचा ढीग पडेल. इथे मी एकटाच लिहितोय असा माझा अंदाज आहे.

याने मला काय फरक पडतो? पडतो. गेल्या महिन्यात घोडबंदर रोडकडची एक मुलगी आली. गळा चांगला, लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली, जुन्या गाण्यांची कव्हर्स करून बऱ्यापैकी नाव झालेलं. तिला म्हणे स्वतःला नव्याने लॉन्च करायचं होतं. उपवन तलावावर फोटोशूट उरकलेलं, तीन वेगवेगळे ड्रेस, पोस्टर तयार, त्यावर रिलीजची तारीखसुद्धा छापलेली. मी विचारलं, गाणं? तर म्हणाली, ‘‘सर, ट्रॅक तुमच्याकडचा कुठलाही चालेल, फक्त साउंड एकदम वेगळा हवा. एका शिफ्टमध्ये होईल ना?’’

मला तिचा राग आला नाही. ती जे वाचते, बघते त्यात कायापालट म्हणजे फोटोशूटच असतं. तिला कोणी सांगितलंच नाही की मॅडोनाने फोटो काढायच्या आधी दीड-दोन वर्षं काय केलं. म्हणून मीच थोडं सांगतो.

सुरुवात गळ्यापासून. १९९६च्या ‘एविटा’ चित्रपटासाठी मॅडोनाला संगीतनाटकाच्या धर्तीवर गायचं होतं, म्हणून ती रीतसर आवाजाच्या शिक्षिकेकडे गेली. तोवर डझनावारी हिट गाणी देऊन झालेली, जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बायकांपैकी एक, आणि पस्तिशी उलटल्यावर श्वास कुठून घ्यायचा हे शिकायला बसली. आधीचे तिचे अल्बम आणि हा, हेडफोन लावून पाठोपाठ ऐका. आवाज खाली भरदार झालाय आणि वर मोकळा. मेंदी त्यानंतरची.

आता ‘रे ऑफ लाइट’ हे त्या अल्बमचं शीर्षकगीत घ्या. ऑर्बिटने ते तिच्या सोयीच्या पट्टीपेक्षा अर्ध्या स्वराने वर ठेवलं. मुद्दाम. तिला वर पोचायला ताण पडावा आणि तो ताण गाण्यात ऐकू यावा म्हणून. ऐकू येतोच, वरच्या जागेला ती पोचते तेव्हा अक्षरशः ओरडते, आणि सगळं गाणं त्या ओरडण्यावर उभं आहे. माझ्या स्टुडिओत रोज याच्या उलट चालतं. ‘‘सर, एक पट्टी खाली घ्या ना.’’ नवशिकेही हेच म्हणतात आणि वीस वर्षं गाणारेही हेच. कराओके क्लबांनी तर काळी चारवरची गाणी पांढरी एकवर आणून ठेवली आहेत. माऊसच्या एका क्लिकवर पट्टी उतरते, त्यामुळे कोणी चढत नाही. चढवायला सांगणारा माणूस काचेपलीकडे बसलेला असावा लागतो, आणि त्याचं ऐकणारी गायिका काचेअलीकडे. ही जोडी जमणं हाच खरा कायापालट, असं माझं मत आहे.

तीही पहिल्या फटक्यात जमली नव्हती. मॅडोनाने आधी बेबीफेस या गायक-निर्मात्याबरोबर गाणी केली, ती बाजूला ठेवली. गीतकार रिक नोवेल्सबरोबर लिहिली. पॅट्रिक लेनर्डबरोबर लिहिली. मग ऑर्बिटने इंग्लंडहून तेरा तुकड्यांची एक टेप पाठवली आणि तिथे सूत जुळलं. ऑर्बिट तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांच्या वर्तुळात माहीत असलेला, पण लॉस एंजेलिसच्या हिशेबात किरकोळच माणूस. उत्तर हॉलिवूडच्या लाराबी स्टुडिओत १९९७ मध्ये साडेचार महिने काम चाललं. तोवर कुठल्याच अल्बमला तिने एवढा वेळ दिला नव्हता. वादकांचा ताफा नाही, बहुतेक सगळं मशीनवर, आणि मशीन मधेच बसायची. कॉम्प्युटर बिघडला की सगळे हातावर हात धरून. माणूस वादक आजारी पडला तर दुसरा बोलावता येतो, मशीन आजारी पडलं की वाट बघणं आलं. मे महिन्यात दुपारी वीज गेली की माझ्या स्टुडिओत काय होतं ते आठवून मला या भागात फार आपुलकी वाटते.

आणि मशीन तरी कोणती? कॉर्ग एमएस-२० हा १९७८ सालचा, रोलंड ज्युनो-१०६ हा १९८४ सालचा. म्हणजे १९९८ मध्ये ‘उद्याचा साउंड’ म्हणून ज्याची वाहवा झाली तो बराचसा जुन्या सिंथेसायझरांतून निघाला होता. ज्युनो मी वाजवलाय. दादरच्या एका वादकाकडे होता, मोठ्या कार्यक्रमाची सुपारी असली की मी तो भाड्याने आणायचो. लाकडी खोक्यात घालून, टॅक्सीच्या टपावर बांधून. त्यातून मी बासरी, व्हायोलिन आणि नागीण काढली. ऑर्बिटने काय काढलं ते याच अल्बममधल्या ‘फ्रोझन’ या गाण्यात ऐका. तेच बटण, तोच स्लायडर! त्यामुळे कोणी मुलगा येऊन ‘तुमच्याकडे नवीन प्लगइन (कॉम्प्युटरवर आवाज काढायचं सॉफ्टवेअर) आहे का’ विचारतो तेव्हा मी त्याला आधी चहा देतो.

‘फ्रोझन’मध्ये आणखी एक गोष्ट आहे जी आपल्या लेखाच्या सुराला छेद देते. हे गाणं तिने ज्याच्याबरोबर लिहिलं तो पॅट्रिक लेनर्ड तिचा जुनाच साथीदार, ‘लाइक अ प्रेअर’च्या काळचा. व्हायोलिनांची मांडणी क्रेग आर्मस्ट्राँगची. मारियस डी व्हरीसने सहनिर्माता म्हणून बाजू सांभाळली. म्हणजे जुनं सगळं फेकून दिलं नव्हतं. चाल बांधणारा जुना, ध्वनी घडवणारा नवा. मला तर वाटतं त्या गाण्याची ताकद या भेसळीत आहे. नुसत्या ऑर्बिटच्या हातात ते थंड झालं असतं.

श्रेयाचंही बघा. शीर्षकगीताच्या मुळाशी कर्टिस मल्डून या जोडीचं १९७१ सालचं एक विसरलं गेलेलं गाणं आहे. त्यातल्या क्लाइव्ह मल्डूनची पुतणी क्रिस्टीन लीच हिने ऑर्बिटच्या कच्च्या ट्रॅकवर त्यातले शब्द गायले होते, तिथून ते मॅडोनापर्यंत आलं. अल्बमवर या गाण्याचे गीतकार-संगीतकार म्हणून पाच नावं आहेत: मॅडोना, ऑर्बिट, मल्डून, डेव्ह कर्टिस आणि क्रिस्टीन लीच. आपल्याकडे गणपतीच्या एका कॅसेटची अख्खी अरेंजमेंट मी केली होती. वर गायकाचा फोटो, मागे कंपनीचा आणि प्रायोजक फरसाणवाल्याचा. माझं नाव शोधायला भिंग घेतलं तरी सापडणार नाही, कारण ते छापलेलंच नाही. असो.

टिळ्याचा विषय आपण फोटोसकट काढलात म्हणून सांगतो. या अल्बममध्ये ‘शांती/अष्टांगी’ हे गाणं संस्कृतमध्ये आहे. त्यातला वंदनेचा श्लोक शंकराचार्यांच्या नावे असलेल्या ‘योगतारावली’तला. अष्टांग योगाच्या वर्गात सुरुवातीला तो म्हणतात, तिथून तो तिच्याकडे आला. उच्चारांसाठी बीबीसीने तिची गाठ काशीचे पंडित वागीश शास्त्री यांच्याशी घालून दिली आणि त्यांनी टेलिफोनवर धडे दिले. माझ्या वहिनी शाळेत संस्कृत शिकवायच्या. मी त्यांना कॅसेट ऐकवली, तेव्हा त्यांनी आधी मला श्लोक समजावला: गुरूंचे चरण संसाराचं हालाहल उतरवतात, सापाचं विष उतरवणाऱ्या वैद्यासारखे. मग म्हणाल्या, ‘‘फोनवर शिकली? माझ्यासमोर बाकावर बसून मुलं शिकत नाहीत.’’ सप्टेंबर १९९८च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात हे गाणं तिने पारदर्शक कपड्यांत, कपाळाला टिळा लावून सादर केलं आणि काही वैष्णवांनी निषेध केला. तो निषेध मला समजतो. पण आपल्या पानावर टिळा आहे, निषेध आहे, आणि श्लोक गायब आहे!

बाकीचं थोडक्यात. अल्बम अमेरिकेत ३ मार्च १९९८ला आला. पहिल्या आठवड्यात तिथे ३ लाख ७१ हजार प्रती खपूनही बिलबोर्डच्या यादीत दुसराच राहिला, कारण वर ‘टायटॅनिक’चं संगीत ठाण मांडून बसलं होतं. पुढे जगभर दीड कोटीच्या वर प्रती गेल्या. १९९९ मध्ये चार ग्रॅमी मिळाली. त्यातलं एक वेष्टनासाठी होतं हे मी लपवत नाही. मारिओ टेस्टिनोचे ते निळसर फोटो सुंदरच आहेत. तेव्हा दिसण्याला किंमत नाही असं माझं म्हणणं नाही. तो पाचवा-सहावा वादक आहे, मुख्य गायक नव्हे.

परदेशी उदाहरण नको असेल तर घरचं देतो. आशा भोसले यांनी साठी ओलांडल्यावर, १९९७ साली, लेस्ली लुईसबरोबर ‘जानम समझा करो’ केला. तिथेही जुना मुरलेला गळा आणि ध्वनीची वेगळी समज असलेला तरुण माणूस, हीच जोडी. ठाण्यात त्या वर्षी नवरात्रात ते गाणं वाजवल्याशिवाय आम्हाला स्टेजवरून उतरू देत नसत. आणि ऑक्टोपॅडवाला दर वेळी त्यात आपला ढोलकीचा पॅच घुसवायचा, तो कशाला ते देव जाणे. आपल्या पानावर आशाताई नाहीत. कदाचित त्यांनी साडी बदलली नाही म्हणून.

आता मागणी. पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा प्रत्येक अल्बमखाली निर्मात्याचं नाव, स्टुडिओ आणि लागलेला वेळ एवढं छापा. जागा नसेल तर तीनातला एक फोटो कमी करा. आणि जमलं तर ठाणे, डोंबिवली, वाशीकडे घरगुती स्टुडिओत काम करणारी जी तरुण अरेंजर मंडळी आहेत त्यांच्यापैकी एकाला लिहायला सांगा. लिहिता येणारे आहेत, मी नावं कळवीन.

घोडबंदरच्या मुलीचं सांगायचं राहिलं. मी तिला तयार ट्रॅक दिला नाही. तिच्या आजीच्या तोंडच्या दोन ओव्या तिला पाठ होत्या, त्या नुसत्या तंबोऱ्यावर रेकॉर्ड करून दिल्या आणि म्हटलं, घरी जाऊन ऐक, मग बोलू. पोस्टरवरची तारीख उलटून गेली आहे. तिच्या वडिलांचा मात्र दोनदा फोन येऊन गेला, पोस्टरचे पैसे कोण देणार म्हणून.

कृपया माझं नाव छापू नये. गिऱ्हाइकं ओळखीची आहेत आणि पट्टी खाली घेण्यावरून मी जे लिहिलंय ते वाचून निम्मी येणं बंद करतील.

आपला,
एक जुना की-बोर्डवादक,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)