मोर्चाची बातमी आणि निवेदनाचा कागद

महोदय,

नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले की मोर्चांच्या बातम्या रोज वाचायला मिळतात. परंतु कोणता रस्ता बंद होता, वाहतूक कोठून वळवली आणि बंदोबस्त किती होता, यापलीकडे त्यांत फारसे काही नसते. मागण्यांना शेवटची एक ओळ मिळते, तीही जागा उरली तर. मानवी हक्क आणि लोकशाहीच्या प्रश्नांवर ज्या संघटना एकत्र येऊन समिती स्थापन करतात, त्यांच्यावर यामुळे विशेष अन्याय होतो, कारण त्यांचे बरेचसे काम रस्त्यावर नव्हे, कागदावर चालते.

कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालण्यासाठी म्हणून राज्य सरकारने आणलेल्या जनसुरक्षा विधेयकाचेच पाहा. जुलै २०२४ मध्ये ते प्रथम मांडले गेले, डिसेंबरात येथील अधिवेशनात पुन्हा मांडून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपवले गेले आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. या दरम्यान त्या संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. एवढ्या हरकती आपोआप येत नाहीत. त्यासाठी कोणाला तरी मसुदा कलमागणिक वाचावा लागतो, ‘बेकायदेशीर कृत्य’ म्हणजे नेमके काय हे शेतमजुराला कळेल अशा मराठीत सांगावे लागते आणि मुदतीच्या आत अर्ज पोहोचवावे लागतात. पुढे मसुद्यात जे बदल झाले, त्यांत तपासाचे काम उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्याचा एक होता. व्याख्येच्या सैलपणाचा मूळ आक्षेप माझ्या मते कायम आहे. तरीही ज्याच्या दारात पोलीस येईल, त्याला हा फरक लहान वाटणार नाही.

मतदान यंत्रावरील ‘नोटा’चे, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटणही असेच आले. आणीबाणीत, १९७६ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी तो निकाल दिला. ते बटण दाबणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल?

गेल्या काही वर्षांत एका दुपारी मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चा अडवला होता, तेव्हा मी कठड्याच्या अलीकडे तासभर उभा होतो. बायका रस्त्यावरच शिदोऱ्या सोडून बसल्या होत्या. पाचजणांचे शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून विधानभवनात गेले आणि परतले तेव्हा त्यांच्या हाती निवेदनाची प्रत होती, तिच्या कोपऱ्यात पोच म्हणून उमटलेला निळा शिक्का. एका मुलीने ती तीन पाने ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवली. कॅमेरेवाले मात्र तोवर निघून गेले होते.

तेथून जवळच, झिरो माईलच्या परिसरात, अनुसूचित जमातीचा दर्जा मागणाऱ्या मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत मृत्यू पावलेल्या ११४ गोवारी बांधवांचे स्मारक आहे. त्यांत बायका आणि मुले अधिक होती. त्यांचेही मागणे एका निवेदनात मावणारे होते.

दोष समित्यांचाही आहे, हे नमूद करणे भाग आहे. लेटरहेडवर वीस-पंचवीस संघटनांची नावे असतात, पण अधिवेशन संपले की निवेदनाचा पाठपुरावा कोण करणार हे त्यांपैकी कोणालाच नीट सांगता येत नाही. पत्रके तर इतकी अवघड लिहिलेली असतात की ती वाचताना मलाही दोनदा चष्मा पुसावा लागतो.

म्हणून विनंती अशी की, येत्या अधिवेशनात वाहतुकीच्या बातमीशेजारी त्या दिवशीच्या मोर्चांच्या मागण्या चौकटीत छापाव्यात, त्या कोणत्या खात्याकडे गेल्या तेही द्यावे, आणि मार्चमध्ये त्याच खात्याला विचारून उत्तर आले की नाही, एवढे दोन ओळींत प्रसिद्ध करावे.

आपला,
एक निवृत्त शासकीय कर्मचारी, धरमपेठ, नागपूर