पहिला घण पडण्याआधी शेजारच्या घराची नोंद व्हावी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रामबाग, नारायण बाग, जेल रोड, लोकमान्य नगर अशा आपल्या इंदूरच्या जुन्या वस्त्यांत पावसाळा सरला की घरे उतरवण्याची कामे निघतात आणि पुढच्या पावसाआधी स्लॅब टाकायची घाई होते. घर एकाचे पडते, पण भिंत दोघांची असते. तक्रारी ठरलेल्या: तडा गेला, चेंबर तुंबले, गच्चीवर मलबा पडला, ठेकेदार फोन उचलत नाही. यातली बरीचशी भांडणे वर्षानुवर्षे चालतात, कारण काम सुरू होण्यापूर्वी शेजारचे घर कसे होते याचा एकही कागद कोणापाशी नसतो. तडा जुना की नवा हे मग कुणालाच सिद्ध करता येत नाही.

ही नोंद करायला एक सकाळ पुरते. बांधणारा मालक, शेजारी आणि ठेकेदाराचा सुपरवायझर अशा तिघांनी एकत्र फिरावे. प्रत्येक खोलीचा आधी दारातून पूर्ण फोटो, मग चारही भिंती आणि छत, आणि त्यानंतर प्रत्येक तड्याचा जवळून, शेजारी स्टीलची पट्टी धरून. नुसते जवळचे फोटो काढले तर तो तडा कोणत्या खोलीतला हे वर्षभराने घरच्यांनाही ओळखू येत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घालावी. तडा रेघेच्या पुढे गेला की तो वाढला, यात वादाला जागा उरत नाही. ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या फरशा, अडकणारी दारे, गच्चीवरची टाकी हेही टिपावे. चेंबरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून ते कसे वाहून जाते याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. सामाईक भिंतीला वरून ओळंबा सोडून वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी अंतरे मोजून लिहावीत. कागदावर तिघांच्या सह्या, आणि फोटो त्याच दिवशी तिघांच्या मोबाइलवर. कोणी सही करायला नकार दिला तर तोच कागद आणि फोटोंच्या प्रती स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.

जिथे आधीच तडा आहे तिथे काचेची पट्टी लावणे हा जुना, स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. प्लास्टर खरवडून विटेपर्यंत जावे, प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा अरल्डाइटने पातळ काचेची पट्टी तड्यावर आडवी चिकटवावी आणि तारीख लिहावी. भिंत हलली की काच फुटते. किती हलली हे कळायला हवे असेल तर तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी स्क्रू बसवून व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या पट्टीने) दर आठवड्याला, शक्यतो दिवसाच्या ठरावीक वेळी, अंतर मोजावे.

माळव्यात एक गोष्ट लक्षात ठेवावीच लागते. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते. चैत्र-वैशाखात रुंदावलेला आणि भाद्रपदात मिटलेला तडा शेजाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. स्लॅबच्या खाली भिंतीच्या माथ्याशी गेलेली आडवी चीर बहुधा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्यामुळे येते, आणि प्लास्टरवरचे जाळीसारखे बारीक तडे प्लास्टर नीट न भिजवल्याचे. याउलट खड्डा खणल्यापासून काही दिवसांतच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, वरच्या टोकाला जास्त रुंद असलेला आणि पावसातही न मिटणारा तडा, त्या बाजूचा पाया खचत असल्याचे सांगतो. तो दिसला की खोदकाम त्याच क्षणी थांबवायला सांगावे. दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

खरे नुकसान खोदकामातच होते. जुन्या घरांचे पाये उथळ असतात आणि नव्या घराच्या कॉलमांसाठी त्याहून खोल उतरावे लागते. भारतीय मानक क्रमांक 1904 सांगते की शेजारच्या दोन पायांच्या कडा जोडणारी रेषा 2 आडवे आणि 1 उभे यापेक्षा तीव्र नसावी. चिकणमातीत ही रेषा वरच्या पायाच्या तळापासून खालच्या पायाच्या माथ्यापर्यंत धरतात. म्हणजे या दोहोंत चार फुटांचा फरक असेल तर आडवे अंतर आठ फूट हवे. वीस फुटी प्लॉटवर ते कुठून मिळणार? म्हणून तिथे सलग चर खणणे हाच मोठा गुन्हा समजावा. तीन-चार फुटांचा एकेक टप्पा एकाआड एक खणायचा, जुन्या पायाखाली काँक्रीट भरून ते पक्के झाले की मगच मधला टप्पा उघडायचा. जेसीबीवाल्याला हे वेळखाऊ वाटते आणि तो एका दुपारीत पूर्ण लांबी मोकळी करतो. त्या रात्री वळवाचा पाऊस आला की खड्ड्यात पाणी साचते, काळी माती लोण्यासारखी होते आणि जुना पाया त्या दिशेने सरकतो. खड्डा उघडा असेपर्यंत पाणी उपसायचा पंप जागेवर हवा आणि भिंतीला तिरके टेकू हवेत. खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी 3764 आणि पाडकामासाठी 4130 ही भारतीय मानके आहेत. ठेकेदाराशी करार करताना या दोन आकड्यांचा उल्लेख जरूर करावा.

शेजारच्या जमिनीचा आधार हा केवळ शेजारधर्म नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात कलम 7 खाली जमिनीला मिळणारा नैसर्गिक आधार हा हक्क मानला आहे. इमारतीला असा आधार 20 वर्षे निर्वेध मिळत आला असेल तर कलम 15 खाली तिचाही हक्क तयार होतो. आपल्या जुन्या घरांची वये पाहता ही अट बहुतेकांच्या बाबतीत केव्हाच पूर्ण झाली आहे.

आता उघड्या पडलेल्या भिंतीबद्दल, कारण याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जुन्या घरांत दोन्हीकडच्या तुळया एकाच भिंतीत टेकलेल्या असतात, दोन्ही बाजूंनी कोनाडे कोरलेले असतात आणि जोडकामात गारा (मातीचा चिखल) किंवा चुना असतो. एका बाजूच्या तुळया काढल्या की ती भिंत एका अंगाने मोकळी होते. तुळई हिसडून ओढली तर तिच्यासोबत चार विटा दुसऱ्याच्या खोलीत पडतात. ती भिंतीलगत करवतीने कापावी, उरलेले टोक हलक्या हाताने काढावे आणि ते भोक त्याच दिवशी विटा आणि चुन्याच्या मसाल्याने बुजवावे. या भिंतीला काटकोनात येणाऱ्या आडभिंती मुळापासून पाडू नयेत. त्यांचा दोन-तीन फुटांचा भाग धिरा म्हणून नवे बांधकाम वर येईपर्यंत ठेवावा.

ही भिंत कधी काळी आतली होती, तिने पाऊस पाहिलेला नाही. नवे घर त्याच मोसमात उभे राहणार नसेल तर तिला बाहेरून प्लास्टर करून देणे ही पाडणाऱ्याची जबाबदारी करारातच लिहावी. सिमेंटच्या जोडकामावर 1:4 सिमेंट-वाळूचे दोन थर, आधी 12 आणि मग 8 मिलिमीटर, त्यात वॉटरप्रूफिंग कंपाउंड डब्यावर दिलेल्या मात्रेने, आणि सात दिवस पाणी मारणे. चुन्याच्या किंवा गाऱ्याच्या भिंतीवर मात्र कडक सिमेंट लावू नये. आतली ओल तिथेच कोंडते आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. तिथे चुन्याचेच प्लास्टर हवे.

पुढची चूक नवे घर बांधताना होते. जागा वाचवण्यासाठी ठेकेदार शेजाऱ्याच्या भिंतीलाच फर्मा (काँक्रीटचा साचा) समजून थेट तिला लागून काँक्रीट ओततात. नव्या घरावर भार चढतो तसे ते थोडे बसते आणि चिकटलेल्या जुन्या भिंतीला सोबत ओढते. मध्ये निदान 25 ते 50 मिलिमीटरची थर्माकोलची शीट ठेवून फट राखली पाहिजे. ही फट वरून रोडे (विटांचे तुकडे) आणि मसाला टाकून भरणे सर्वांत वाईट, कारण पहिल्याच वर्षी तो मसाला चिरतो आणि दोन घरांच्या मध्ये पाण्याची टाकी तयार होते. ओल मग दोन्हीकडच्या खोल्यांत उतरते आणि दोघेही एकमेकांच्या नळाला दोष देत राहतात. फटीच्या माथ्यावर जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्याची झाकणपट्टी हवी. तिची वरची कड उंच भिंतीत इंचभर खाच मारून बसवायची आणि पॉलियुरेथेन सीलंटने बंद करायची. खालची कड ठेंगण्या भिंतीवरून चार ते सहा इंच पुढे येऊ द्यायची, पण तिथे खिळा मारायचा नाही. दोन्ही घरे वेगवेगळी हलतात, पट्टी एकाच घराला बांधलेली असावी.

कचऱ्याचे म्हणाल तर 2017 ते 2023 अशी सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्या आलेल्या शहरात मलबा नालीत लोटला जातो, हे मनाला लागते. रस्ता, रहदारी आणि नाली अडेल असा मलबा टाकण्यास 2016 च्या केंद्रीय नियमांतच मनाई करण्यात आली होती. तक्रार नगर निगमाच्या 311 अॅपवर फोटोसह करता येते. गच्चीवर पडलेला मलबा मात्र त्याच दिवशी उतरवून घ्यावा. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून काढतात, आणि फूटभर उंचीचा विटा-मातीचा ढीग साडेतीनशे-चारशे किलो भरतो. पाऊस पडला की आणखी.

काम सुरू असताना चेंबर आणि नहाणीच्या जाळ्या बोरी आणि प्लास्टिकने झाकाव्यात. सिमेंटचे पाणी आत गेलेच तर त्याच संध्याकाळी भरपूर पाण्याने धुऊन गाळ हाताने काढावा. रात्रभरात ते दगड होते, मग सळी घालून काही होत नाही, पाइपच बदलावा लागतो. फरशीवर उडालेला मसाला ओला असताना पाण्याने निघतो. वाळला तर लाकडी पट्टीने उचलावा. मजूर सर्रास अॅसिड आणतात, त्यांना तिथल्या तिथे अडवावे. कोटा आणि संगमरवर दोन्ही चुन्याचे दगड, अॅसिडने त्यांची चकाकी कायमची जाते. खिडकीच्या काचेवरचे आणि अॅल्युमिनियमवरचे शिंतोडे तर तासाभरात धुवायला हवेत, कारण सिमेंटच्या क्षारानेच तिथे पांढरे डाग पडतात.

तडे बुजवण्याची मात्र घाई नको. ठेकेदाराला हिशेब मिटवायचा असतो म्हणून तो शेवटच्या आठवड्यात पुट्टी लावून रंग मारून देतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच रेघ परत उमटते. काच न फुटता एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला पाहिजे. तोवर पाणी आत जाऊ नये म्हणून लवचीक सीलंट पुरे. मग तडा व्ही आकारात खोलून, धूळ काढून, भिजवून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरावा आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाळी घेऊन प्लास्टर करावे. त्यासाठी ठेकेदाराच्या बिलातली काही रक्कम वर्षभर राखून ठेवण्याची अट मालकाने आधीच घालावी. शेजाऱ्याचे पैसे त्यातूनच निघू शकतात.

ठेकेदाराने ऑल रिस्क विमा काढला आहे असे सांगितले तर पॉलिसीची प्रत पाहावी. तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या भागात हादऱ्यांमुळे किंवा आधार काढल्यामुळे झालेली हानी वेगळे कलम जोडल्याशिवाय धरत नाहीत, आणि शेजारच्या घराचे नुकसान नेमके त्याच दोन कारणांनी होते.

आपल्या वृत्तपत्रामार्फत नगर निगमाकडे मागणी अशी आहे: बांधकामाच्या परवानगीसाठी नकाशासोबत लगतच्या घरांच्या स्थितीची, तिघांच्या सह्यांची नोंद जोडणे सक्तीचे करावे. तिला निगमाचा एक रुपयाही लागत नाही.

आणि ज्यांच्या शेजारी या घडीला भिंत उघडी आहे त्यांनी या मागणीची वाट पाहू नये. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी भिंतीच्या माथ्यावरून ताडपत्री घ्यावी, ती माथ्यावर विटांनी दाबावी, खालचे टोक भिंतीपासून दोन फूट लांब सोडावे आणि पायाशी साचणारे पाणी उताराने बाहेर काढावे.

आपला,
एक निवृत्त बांधकाम अभियंता,
इंदूर