संज्याला पत्र, त्या नॅनोच्या फॉरवर्डबद्दल

बेळगाव, रविवार

प्रिय संज्या,

तुझे व्हॉइस मेसेज ऐकले आणि आण्णांच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पीएसए रिपोर्टचे (ती रक्ताची तपासणी) फोटो पण बघितले. ड्युटीवर असताना फोनवर नीट बोलता येत नाही, मशीनची ठणठण चालू आणि मधेच पेशंटचे नातेवाईक दार ढकलतात, म्हणून आज निवांत टाइप करायलोय. जरा लांबेल, पण सगळं वाच मर्दा.

तुला आलेला तो फॉरवर्ड, म्हणजे बारीक कण शिरेतून सोडायचे, तेच कॅन्सरची गाठ स्क्रीनवर दाखवतात आणि तेच गाठ मारतात, ही थाप नाही. असलं काम खरंच चाललंय. लोकांना त्यातलं मारणं भारी वाटतं, मला विचारशील तर दाखवणं भारी आहे. आज केमो दिली की औषध गाठीत गेलं का भलतीकडंच गेलं ते कळायला पुढच्या स्कॅनपर्यंत थांबायला लागतं, तोवर माणूस उलट्या करून आणि घरचे कर्ज काढून अर्धे होतात. औषध स्वतःच स्कॅनमध्ये दिसलं तर कुणाला पुढं द्यायचं आणि कुणाला उगाच त्रास द्यायचा नाही, ते लवकर ठरेल की.

आमच्या एमआरआयला गॅडोलिनियम धातूचं कॉन्ट्रास्ट असतं, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून सोडायचं औषध, तुला माहितीये. रक्तातलं क्रिएटिनीन बघायचं, किडनी बरी असली की शीर शोधून सोडायचं. त्याच्या आधी मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना काढून ठेवा म्हणण्यातच निम्मा वेळ, आणि खानापूरकडच्या आज्ज्या आल्या की पिना संपतच नाहीत बघ, पदराला, ब्लाउजला, बांगडीत अडकवलेल्या सुद्धा. मग आत घेतलं की गाठ पांढरी उठून दिसते. आता फ्रान्समध्ये हेच गॅडोलिनियम ५ नॅनोमीटरपेक्षा लहान कणांवर बसवलंय (आपला केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, मग विचार कर). एजीयूआयएक्स असं अवघड नाव आहे. ग्रेनोबलला १५ पेशंटवर पहिली ट्रायल झाली, सगळ्यांचा कॅन्सर मेंदूत पसरलेला. कण शिरेतून दिले, ते गाठीत साठलेले एमआरआयवर दिसले, आणि त्याच्यासोबत डोक्याला रेडिएशन दिलं. गॅडोलिनियमचा अणू जड, त्याच्यावर किरण आदळले की आजूबाजूला इलेक्ट्रॉन उडतात आणि तिथल्या पेशींना जास्त मार बसतो. उरलेले कण किडनीतून लघवीवाटे जातात. मी हे वाचलं तेव्हा जाम खूश झालो, रोज हातात असलेलं आपलं औषध हे पण करतंय म्हणून.

पण भानगड पुढं आहे. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नळ्या घाईत वाढलेल्या असतात, आपल्या गल्लीतल्या नळाच्या जोडणीसारख्या, जागोजागी गळक्या. त्या फटींतून कण गाठीत शिरतात आणि तिथंच राहतात, हे जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ला मांडलं आणि सगळी नॅनोवाली मंडळी त्याच भरवशावर कामाला लागली. उंदरांवर मस्त चाललं. मग २०१६ला कुणीतरी मागच्या दहा वर्षांचे असले प्रयोग एकत्र करून हिशोब काढला तर दिलेल्या डोसपैकी साधारण ०.७ टक्के गाठीत पोचत होता, म्हणजे हजारातले सात. बाकी बरेचसे लिव्हर आणि प्लीहा गिळतात, त्यांचं कामच ते. आणि हे प्राण्यांमधलं, माणसांच्या गाठी एकमेकींशी जुळत नाहीत, एकाची गळते, एकाची नाही. म्हणून म्हणतोय दाखवणं महत्त्वाचं, निदान आत गेलं का नाही ते तरी कळेल.

आता आण्णांचं. एकाच वस्तूनं बघायचं आणि मारायचं ही आयडिया नॅनोच्या कितीतरी आधीची आहे. किरणोत्सर्गी आयोडिन थायरॉइडच्या पेशंटला १९४१ पासून देतात, थायरॉइड ते ओढून घेते, कॅमेऱ्यात दिसते पण आणि जळते पण. प्रोस्टेटला आज त्याच जातीचं ल्युटेशियम १७७ आहे. आधी गॅलियम ६८ लावून पीएसएमए (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन) हुडकणारा पेट स्कॅन करतात, गाठी त्यात उजळल्या तरच ल्युटेशियम देतात. त्याचे बीटा किरण जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत मारतात, गॅमा बाहेर येतात, त्यामुळं डोस कुठं बसलाय ते कॅमेऱ्यात दिसतं. यात नॅनो कण बिण काही नाही, साधा रेणू आहे. ८३१ पेशंटच्या ट्रायलचा निकाल २०२१ला आला, नुसत्या नेहमीच्या उपचारावर पेशंट साधारण ११.३ महिने जगले आणि ल्युटेशियम जोडल्यावर १५.३. चमत्कार नाही, पण खरा आकडा आहे, आणि ते सगळे लय पुढच्या स्टेजचे होते. ल्युटेशियम आपल्याकडं ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरमध्ये बनतं, त्यासाठी परदेशात जायला लागत नाही. आण्णांना सध्या हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे आणि पीएसए उतरायलाय, म्हणजे आत्ता ते लागणारच नाही. लागलं तर डॉक्टरच सांगतील, तू मधे घाई करू नको.

आणि तो निपाणीत तुझ्या चुलत्याला भेटलेला माणूस, 'नॅनो गोल्ड' देतो म्हणणारा. सोन्याच्या कणांची गोष्ट खरी आहे, अमेरिकेत १६ जणांच्या प्रोस्टेटवर सोन्याचा मुलामा दिलेले सिलिकाचे कण आणि लेझर वापरून बघितलं, २०१९ला छापून आलं. पण त्यांचा कॅन्सर प्रोस्टेटमध्येच होता, गाठ कुठंय ते आधी एमआरआयवर बघून लेझरची सुई नेमकी तिथं घातली. या माणसाची पुडी मधात कालवून खाल्ली तर त्यातलं काय होणार? त्याच्याकडं बहुतेक भस्म असणार, नाव तेवढं नवीन. आण्णांनी आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत हमाली करून ठेवलेले पैसे असल्या माणसाला द्यायचे नाहीत, आणि काकूंना तू समजाव, त्या माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील.

कोण ट्रायल आहे म्हणाला तर सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नंबर माग. २००९ पासून देशात ट्रायलची तिथं नोंद सक्तीची आहे, आणि जे औषध तपासायलेत त्याचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. आधी ॲडव्हान्स मागितला की समजून जा.

पुढच्या आठवड्यात पीएसए झाला की रिपोर्ट टाक. बायोप्सीचा कागद आणि जुन्या एमआरआयची सीडी पण शोधून ठेव, नुसत्या फिल्मवर आमच्या डॉक्टरांना नीट दिसत नाही. आण्णांना घेऊन यायचं ठरवलंस तर शनिवारी दुपारनंतर ये, सकाळी लई गर्दी असते, आणि जेवायला घरीच यायचं, हॉटेलात घुसू नको.

तुझा,
दिग्या