‘हारी यानोश’ची शिंक शाबूत ठेवल्याबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हंगेरियन संगीतकार झोल्तान कोडायच्या ‘हारी यानोश’ या ऑपेराच्या तुमच्या जुन्या तबकड्या तुम्ही आम्हा श्रोत्यांसाठी डिजिटल करून दिल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. संचालक इश्तवान केर्तेस आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं डेक्का कंपनीसाठीचं हे १९६८ चं ध्वनिमुद्रण. गाणी हंगेरियनमध्ये, आणि संवाद मात्र अभिनेता पीटर उस्तिनोव एकटाच इंग्रजीत सगळे आवाज काढून म्हणतो. १९२६ मध्ये बुडापेस्टला रंगमंचावर आलेला हा ऑपेरा बहुतेकांना फक्त सहा भागांच्या सूटमधून, म्हणजे त्यातल्या निवडक वाद्यसंगीतातून, माहीत असतो. नेपोलियनला एकट्यानं लोळवणारा, त्याच्या बायकोला भुरळ घालणारा आणि तरी शेवटी आपल्या प्रेयसी ओर्झेबरोबर गावी परतणारा हा थापाड्या शिपाई खरा खुलतो तो संवादांतच. तुम्ही ते एकही गाळले नाहीत.

सुरुवातीलाच सगळा वाद्यवृंद शिंकतो. आपल्याकडे शिंक आली की माणूस घराबाहेर पडताना थांबतो; हंगेरीत ऐकणारा शिंकला की सांगणाऱ्याचं बोलणं खरं ठरतं. कॉपी करणाऱ्यांचं बिनसतं ते नेमकं इथेच. आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी ऑटो लेव्हल चालू असली की शिंक दबते आणि पाठोपाठ येणाऱ्या चेलो-डबल बासच्या हळू सुरांखालची खरखर वर येते. तुम्ही लढाईचा आणि बादशहाच्या प्रवेशाचा भाग आधी वाजवून पाहिलात आणि सर्वांत मोठा आवाज कमाल मर्यादेच्या ६ डेसिबल खाली राहील अशी लेव्हल हातानं लावलीत. विजेमुळे येणारी ५० हर्ट्झची घरघरही फिल्टरनं कापली नाहीत, कारण त्यात बासचे खालचे सूर गेले असते. ग्राउंडची तार नीट जोडलीत, घरघर मुळातूनच गेली.

सगळ्यांत मोठे आभार चिंबालोमसाठी. संतूरच्याच कुळातलं हे वाद्य, पण आकारानं दांडगं आणि काड्यांचा घाव कडक. आपोआप ‘टिक’ काढणाऱ्या सॉफ्टवेअरला हा घाव ओरखड्यासारखाच दिसतो. इंटरमेझो या वाद्यसंगीताच्या भागावर ते एकदा फिरवलं की प्रत्येक सुराची धार बोथट होते. व्हिएन्नाच्या घड्याळातल्या घंटांचंही तेच. ओरखडा क्षणात संपतो, सुरामागे मात्र झंकार रेंगाळतो, हे स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाच्या चित्रात, पाहून तुम्ही एकेक टिक हातानं काढलीत. खरखर कमी करणारं नॉइज रिडक्शनही जपून वापरलंत, नाहीतर तो झंकार खरखरीबरोबर पुसला गेला असता.

दुसऱ्या तबकडीचं भोक किंचित मध्यापासून सरकलेलं असल्याचं तुम्ही टिपणात लिहिलं आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर त्यामुळे दर १.८ सेकंदांनी सूर वर-खाली झुलतो. बोलण्यात ते खपून जातं, पण लढाईच्या शेवटी सॅक्सोफोन नेपोलियनसाठी रडतो तिथे ते कानाला फार बोचलं असतं. प्रत्येक बाजू वाजवण्यापूर्वी तबकडी नव्यानं मध्यावर बसवण्याचे कष्ट तुम्ही घेतलेत, म्हणून तो सूर सरळ ऐकू येतो.

प्रसंगांचं मराठी टिपण फाइलबरोबर दिलंत तेही फार उपयोगी पडलं. रशियाच्या हद्दीतली चौकी हारी ओढून हंगेरीच्या हद्दीत आणतो, ते चटकन कळत नाही. संवादाची मिनिटं समोर होती म्हणून मुलांनाही ते कळलं आणि ती खळखळून हसली.

तबकड्या नव्या आतल्या पाकिटांत घालून, उभ्या ठेवून परत पाठवत आहोत.

आपले,
आभारी श्रोते